दोन विषय राहिलेत, तर पदवी सोडून ऑनलाइन डिप्लोमा करावा का?

जुनी_मास्तरीण: काल इथे कोणीतरी ठसक्यात लिहून गेलं, ‘पदवी म्हणजे वर्षं पाण्यात. सहा महिन्यांचा स्वस्त ऑनलाइन डिप्लोमा करा आणि कामाला लागा.’ खाली शेवटच्या वर्षातल्या एका मुलाने विचारलं, ‘माझे दोनच विषय राहिलेत, सोडून देऊ का?’ तर एकामागून एक सगळे ‘खुशाल सोड’ म्हणाले! रात्री झोप लागली नाही मला. अरे बाळा, अर्जात ‘पूर्ण केलेलं शिक्षण’ एवढाच रकाना असतो. ‘दोन विषय बाकी’ लिहायला तिथे जागा नसते. डिप्लोमावाल्यांना आधी लेखी विचार: मान्यता कोणाची, परीक्षा कोण घेतं, आणि याचे क्रेडिट, म्हणजे शिकलेल्या अभ्यासाचे गुणांक, पुढे कुठलं विद्यापीठ धरतं? उत्तरात नुसतं रंगीत माहितीपत्रक आलं तर एक पैसा भरू नकोस.

रात्रपाळी: ती पोस्ट माझीच. वडील आजारी पडले तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होतो. दिवसा दवाखाना, रात्री काम. पहाटे बसच्या मागच्या सीटवर मोबाईलवर व्हिडिओ बघून हिशेबाचा डिप्लोमा केला. आज त्यावरच घर चालतं. बाई, ‘पदवी की डिप्लोमा’ हा प्रश्न माझ्यापुढे कधी आलाच नाही. डिप्लोमा की काहीच नाही, एवढंच होतं.

अर्जांचा_ढीग: दादा, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण तुमची गोष्ट त्या मुलाला लागू नाही. भरतीचं काम मी करते. पदवीची अट टाकली की बाकीचे अर्ज सॉफ्टवेअर बाजूला काढतं, माझ्या डोळ्यांपर्यंत येतच नाहीत. अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्सने १९७३ मध्ये हेच मांडलं होतं: मालकाला माणूस आतून दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे खूण म्हणून बघतो. त्याच्या २००१ च्या नोबेलमागे हेच काम होतं. शिवाय २०१५ मध्ये पाकिस्तानातल्या ॲक्झॅक्ट कंपनीचा बनावट पदव्यांचा धंदा न्यूयॉर्क टाइम्सने बाहेर काढला. तेव्हापासून अनोळखी संस्थेचं नाव दिसलं की मी आधी तपासते.

रात्रपाळी: म्हणजे चाळणी तुमची आणि दोष आमचा? माणसाला काम येतं का, ते करून बघा ना एकदा!

कॅमेरा_चालू: मान्यता वगैरे राहू द्या, कॅमेऱ्यातून यंत्र नजर ठेवतं त्या ऑनलाइन परीक्षांबद्दल कोणी बोलणार आहे का? माझ्या खोलीत दिवा डोक्यामागे होता. ‘चेहरा दिसत नाही’ असा लाल पट्टा आला. दिवा पुढे ओढायला उठले, तर ‘जागा सोडली’. बत्तिसाव्या मिनिटाला पेपर बंद. फी गेली, आणि तक्रारीला उत्तर आलं तेही यंत्राचंच.

जुनी_मास्तरीण: वाईट झालं. पण देखरेखच नसेल तर त्या कागदाला विचारणार कोण?

कॅमेरा_चालू: आणि तुमच्या वर्गात कॉपी होत नाही? मागच्या बाकावर चिठ्ठ्या फिरतात तेव्हा लाल पट्टा कुठे असतो?

जुनी_मास्तरीण: मी चिठ्ठ्या पकडल्या आहेत, आणि मुलांच्या रडण्यापायी सोडूनही दिल्या आहेत. पण माझ्यासमोर मुलगी दिवा सरकवायला उठली असती तर मी तिला थांबवलं नसतं. एवढं कबूल करते.

कॅमेरा_चालू: मग हेच म्हणतेय मी! माणूस असता तर माझा पेपर वाचला असता.

अर्जांचा_ढीग: कॅमेऱ्यावर वेगळा धागा काढा, कृपा करून. तो मुलगा अजून थांबलाय. ऑनलाइन म्हणजे हलकं, असं मी म्हटलेलं नाही. अमेरिकेतलं जॉर्जिया टेक विद्यापीठ २०१४ पासून संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन देतं, आणि ती पूर्ण पदवीच असते. स्वस्त किंवा ऑनलाइन असण्यावर माझा आक्षेप नाही. कागद कोण देतं, ते बघा. आणि ऑनलाइनमध्ये कोर्स पूर्ण करायला मागून ढकलणारं कोणी नसतं, हेही बघा. स्टॅनफर्डच्या २०११ च्या एका मोफत ऑनलाइन कोर्सला सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावं दिली, शेवटपर्यंत गेले २३ हजारांच्या आसपास.

रात्रपाळी: मोफत कोर्सला लोक नुसतं बघायलाही नाव देतात. पोट त्यावर असतं तेव्हा माणूस सोडत नाही, मी सोडला नाही. बरं, दोन विषयांचं म्हणाल तर... ठीक आहे. मला दोनच राहिले असते तर मीही दिले असते. माझे अकरा होते. ‘वर्षं पाण्यात’ हा शब्द मागे घेतो, बाकीचा एकही नाही.

दोन_बाकी: विचारणारा मीच. घरी पैशांची ओढ आहे, म्हणून घाई होती. डिप्लोमावाल्यांना बाईंचे तिन्ही प्रश्न पाठवले. पहिल्या दोहोंची उत्तरं आली, तीही मोघम. क्रेडिटबद्दल विचारलं तर ‘आजच प्रवेश घेतल्यास सवलत’ असं आलं. परीक्षेचा फॉर्म भरायला सोमवारी जातोय. रात्रपाळीदादा, रात्रीचं काम सांभाळून अभ्यास कसा जमवलात, ते मला स्वतंत्र लिहाल का?

रात्रपाळी: लिहितो. आधी झोपेचं सांगतो, तिथेच सगळे घसरतात.