मदत हवी आहे: ८×४ चा टिअरड्रॉप ट्रेलर, सांगाडा ट्रॉलीवाल्याकडून करून घ्यावा का?

वाघूरकाठ
नमस्कार मंडळी. बोलेरोमागे ओढायला टिअरड्रॉप कॅम्पिंग ट्रेलर बांधायचा आहे. थेंबासारखा आकार, आत दोघांपुरतं अंथरूण, मागचं झाकण उचललं की ओटा. मुक्काम जळगाव, फिरणं पाटणादेवी, पाल, तोरणमाळ असं. तळ ८×४ फूट, उंची ४ फूट, बाजूंना १२ मिमी प्लाय, वरून ॲल्युमिनियम पत्रा.

ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा एक फॅब्रिकेशनवाला सांगाडा करून द्यायला तयार आहे. तो म्हणतो, ४ इंची चॅनल वापरू, खाली छोट्या टेम्पोचा एक्सल पाट्यांसकट (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) टाकू, आणि एक्सल बरोबर मध्ये. मला चॅनल जड वाटतंय, पण नक्की किती फरक पडतो? एक्सल मध्ये ठेवायचा की मागे? आणि आपल्या उन्हात ही पेटी झोपण्यासारखी राहील का? कागदपत्रांचंही सांगा.

पत्रापाना
चॅनल नको. ४ इंची चॅनल मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास भरतं. तुमच्या मापाचा चौकट, तीन आडवे तुकडे आणि पुढचा A आकाराचा दांडा धरून साधारण साडेचौदा मीटर माल लागेल. म्हणजे नुसता सांगाडाच १४० किलो. तोच ५०×५०×३ मिमी चौकोनी पाइपात ६५ किलोच्या आत बसतो आणि या पेटीला पुरून उरतो. ट्रॉलीवाल्याचा हात उसाच्या आणि केळीच्या वजनावर बसलेला असतो, त्याला हलकं करायला सांगितलं की तो कामात काटकसर समजतो. म्हणून कागदावर पाइपाचं माप आणि जाडी लिहूनच द्या, नाहीतर २ मिमीचा पाइप येईल.

पाट्यांबद्दल. टेम्पोचे पाटे टनाच्या हिशेबाचे. त्यावर ४०० किलोची पेटी ठेवली तर पाटा दबतच नाही, प्रत्येक खड्डा सरळ प्लायच्या सांध्यात जातो. लक्षण ओळखायला सोपं: दाराच्या चौकटीचे वरचे कोपरे आधी उकलतात. टोकांना गोल डोळे असलेला मुख्य पाटा ठेवून खालचे कमी करा. पूर्ण सामानासह पाटा दीड-दोन इंच तरी बसला पाहिजे. टायर १४५/८० आर १२ पुरतात. हवा गाडीच्या कमाल आकड्यापर्यंत भरू नका, २४-२६ पीएसआयवर ट्रेलर उडत नाही.

तापीतीर
एक्सल मध्ये अजिबात नको, त्याचं गणित मांडतो.

पेटीची लांबी २४४० मिमी. एक्सल पुढून १४६० वर, म्हणजे साठ टक्क्यांवर. पेटीपुढे दांडा ११०० मिमी धरला तर एक्सलपासून हिचच्या गोळ्यापर्यंत (गाडीमागचा, ट्रेलर अडकवायचा गोळा) २५६० मिमी. एकूण वजन ४०० किलो आणि गुरुत्वमध्य एक्सलच्या ३०० मिमी पुढे असेल तर गोळ्यावर ४०० × ३०० ÷ २५६० = सुमारे ४७ किलो, म्हणजे पावणेबारा टक्के. हे हवं १० ते १५ टक्क्यांत.

आता मागच्या ओट्यात २० लिटर पाणी आणि गॅस मिळून ३० किलो ठेवा. ती जागा एक्सलच्या ७१० मिमी मागे. गोळ्यावरचे आठ किलो गेले, राहिले ३९, आणि एकूण झालं ४३०. म्हणजे ९ टक्के. इथूनच ट्रेलर साठ-सत्तरच्या वेगाला शेपूट हलवायला लागतो. ते एकदा सुरू झालं की चालक घाबरून ब्रेक मारतो आणि ट्रेलर गाडीला आडवा येतो. अशा वेळी स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडायचा, एवढंच.

तुमच्या ट्रॉलीवाल्याप्रमाणे एक्सल मध्ये ठेवला तर रिकाम्या ट्रेलरचे गोळ्यावर जेमतेम १० किलो येतात. पाणी-गॅस चढवला की आकडा वजा, गोळाच वर उचलला जातो. ट्रॅक्टरमागे पंधराच्या वेगाने हे खपून जातं.

म्हणून पाण्याचा कॅन पलंगाखाली एक्सलवर. पाट्यांचे कंस आधी यू-बोल्टने नुसते आवळा. पेटी, गाद्या, भरलेला कॅन सगळं चढवून दांड्याचं टोक गोळ्याच्याच उंचीवर टेकवून घरच्या वजनकाट्यावर ठेवा. आकडा जमला की मगच वेल्डिंग.

पांझरा_१८
वेल्डिंगच्या आधी कागद. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२८) मध्ये मोटर वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर धरलेला आहे, त्यामुळे कलम ३९ ची नोंदणी त्यालाही लागते. बिननंबरच्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसतात त्यावर जाऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल. घरी जोडलेल्या सांगाड्याला टाइप अप्रूव्हल (नमुन्याची अधिकृत मंजुरी) नसतं आणि गाडं तिथेच अडतं.

माझं मत: मंजुरी असलेल्या उत्पादकाचा लहान ट्रेलर कागदांसह घ्या, एकूण वजन ७५० किलोच्या आतला, म्हणजे टी-१ गट. पेटी त्यावर बांधा, पण रेखाचित्र आधी आरटीओत दाखवून. बोलेरोच्या मॅन्युअलमध्ये ओढण्याच्या वजनाची मर्यादाही बघून घ्या.

वाघूरकाठ
म्हणजे सांगाडा विकतचाच घ्यावा लागणार. मग एक्सलची जागा तर ठरलेली येईल?

तापीतीर
तर पेटी पुढेमागे सरकवायची. एक्सलपासूनचा हिशेब तोच. पेटी बोल्टनेच बसवा, ८ मिमीचे आठ बोल्ट, खाली रुंद वॉशर, आणि लाकूड-लोखंडाच्या मध्ये रबराची पट्टी. शेवटच्या वजनानंतरच भोकं पाडा.

सावलीशोध
उन्हाचा प्रश्न कुणी घेतला नाही, आणि आपल्याकडे तोच मोठा. भुसावळ-जळगावचा मे महिना, ४५ अंश. छताच्या दोन प्लायमध्ये २५ मिमी एक्सपीएस शीट (थर्माकोलच्या जातीचा, पण दाट फोम) घाला. ती चिकटवायला दरवाज्यांना सनमायका लावतात तो सॉल्व्हंटवाला डिंक वापरू नका, शीट त्यात विरघळते. वरून सगळं ठीक दिसतं आणि आत पोकळी. पाण्यात मिसळणारा पांढरा फेविकॉल किंवा पीयू (पॉलियुरेथेन) डिंक चालतो. बाहेरून पांढरा रंग. काळा मॅट फोटोत छान दिसतो, तो फोटोतच राहू द्या.

इन्सुलेशन दिवसभर झळ अडवतं, पण आत शिरलेली उष्णता रात्री तितकीच धरूनही ठेवतं. म्हणून छतात १२ व्होल्टचा हवा बाहेर फेकणारा पंखा आणि गादीच्या पातळीला जाळीची झडप, दोन्ही हवीत. खालची झडप नसेल तर पंखा नुसता आवाज करतो. इतकं करूनही मे महिन्यात तापीकाठी आत झोप लागणार नाही. तेव्हा तोरणमाळची वाट धरा. थंडीत पारा दहाच्या खाली गेला तरी झडप बंद करायची नाही. दोघांच्या श्वासाने सकाळी पत्र्याच्या आतून पाणी ओघळतं, आणि हवा कोंडते ती वेगळीच.

पत्रा पूर्ण चिकटवू नका. आठ फुटी ॲल्युमिनियम पत्रा रात्रीच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत दोन-अडीच मिमी वाढतो. चारी बाजूंनी जखडला तर मध्ये फुगे येतात आणि स्क्रूंची भोकं फाटतात. भोकं स्क्रूपेक्षा मोठी, कडेला पट्टी, खाली ब्युटिल टेप (चिकट रबरी पट्टी). स्क्रू एसएस ३०४.

वाघूरकाठ
मागच्या झाकणाबद्दल बरंच वाचलं की ते नीट बसत नाही. आणि बॅटरी पुढे दांड्यावरच्या पेटीत ठेवली तर वजनही पुढे येईल ना?

पत्रापाना
वजनाला बरी, उष्णतेला वाईट. लिथियम फॉस्फेट बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि दांड्यावरची लोखंडी पेटी उन्हात त्याच्या कितीतरी पुढे जाते. आत उशाखाली ठेवा, वजन तरीही पुढेच राहतं. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात.

झाकण. वाकवलेला प्लाय सुटला की थोडा सरळ होतो. एकच जाड प्लाय वाकवला तर खालची कड दोन बोटं बाहेर येते. ४ मिमी फ्लेक्सी प्लायचे दोन थर, बाजूच्या प्लायच्या गोलाईपेक्षा जरा जास्त गोल कापलेल्या फासळ्यांवर डिंकाने बसवा आणि डिंक पूर्ण वाळेपर्यंत पट्ट्यांनी आवळून ठेवा. छताच्या आडव्या रिपा एरवी फुटाफुटावर चालतात, पण गोलाई घट्ट आहे तिथे चार-पाच इंचांवर, नाहीतर पत्र्यात कंगोरे दिसतात.

पाणी शिरतं ते बिजागरीतून. लांब पियानो बिजागरी घ्या आणि तिच्यावरून ईपीडीएम रबराची पट्टी सोडा, वरची कड छताच्या पत्र्याखाली दाबून. सिलिकॉन फासू नका; त्यावर नंतर रंगही धरत नाही आणि दुसरा सीलंटही. झाकण १८ किलोचं असेल तर ३०० न्यूटनचे दोन गॅस शॉकर पुरतात.

सावलीशोध
प्लाय बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा), आयएस ७१० शिक्क्याचाच. आणि कापलेल्या कडांना इपॉक्सीचे दोन-तीन हात, दाराच्या खालच्या कडेला विसरून नाही. पावसाचं पाणी तिथेच थांबतं.

५ किलोचा सिलिंडर ओट्याच्या बाजूच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि त्या कप्प्याच्या तळाला भोकं पाडा. गॅस हवेपेक्षा जड, वर जाळी ठेवून उपयोग नाही. ओटा आणि झोपायची जागा यांच्यातली भिंत पूर्ण बंद हवी, वायर जाते ती भोकंसुद्धा. भरताची वांगी मात्र बाहेर काटक्यांवरच भाजा, ती शेगडीवर भाजायची नसतात.

पांझरा_१८
घाटाचं राहिलं. या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत, तेव्हा तोरणमाळ उतरताना चढताना लागला होता तोच गिअर. सेफ्टी साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन लावा: गोळा सुटला तर दांडा त्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. लांबी वळणाला पुरेल इतकीच.

वाघूरकाठ
ट्रॉलीवाल्याला नकार कळवला. मंजुरीवाला ट्रेलर मिळाला की मापं इथेच टाकतो. एक्सल ते गोळा अंतर २५६० पेक्षा कमी निघालं तर पुन्हा विचारीन.

तापीतीर
कमी निघालं तर गुरुत्वमध्य त्याच प्रमाणात एक्सलच्या जवळ चालेल, टक्का तोच राहतो. पण २२०० च्या खाली घेऊ नका. रिव्हर्सला ट्रेलर इतक्या पटकन आडवा वळतो की दांडा बंपरला लागतो.