खरेदीची किंमत आणि त्यानंतरची चाळीस वर्षे

लढाऊ विमान निवडताना खरेदीची किंमत हाच मुख्य निकष असावा, हे मत मला अपुरे वाटते, आणि त्याचा पुरावा आम्हा नाशिककरांना ओझरलाच मिळतो. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा तेथील कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला आणि ते विमान हवाई दलातून निवृत्त झाले ते थेट २०२५ मध्ये. एवढ्या काळात मूळ किमतीचे महत्त्व कितीसे उरते?

सुखोई-३० चे उदाहरण अधिक बोलके आहे. विमानाच्या सांगाड्यापेक्षा इंजिनाचे आयुष्य बरेच कमी असते. ठरावीक उड्डाणतासांनंतर त्याचे ओव्हरहॉल (पूर्ण उघडून तपासणी व दुरुस्ती) करावे लागते आणि शेवटी ते बदलावेच लागते. त्यामुळेच सप्टेंबर २०२४ मध्ये याच ताफ्यासाठी २४० इंजिनांचा, २६,००० कोटी रुपयांहून अधिक रकमेचा वेगळा करार झाला. हा खर्च अनपेक्षित नव्हे, फक्त खरेदीच्या बातमीत तो कधी छापला जात नाही.

राफेलच्या २०१६ च्या करारात किमान ७५ टक्के विमाने उड्डाणसज्ज ठेवण्याची जबाबदारी पुरवठादारावर टाकली गेली. सुट्या भागांऐवजी सज्जतेचे पैसे मोजण्याची ही पद्धत मला पटते. मात्र हमीची मुदत संपेपर्यंत दुरुस्तीची तांत्रिक माहिती, चाचणी-उपकरणे आणि प्रशिक्षित कारागीर आपल्याकडे तयार नसतील, तर पुढचा दर पुरवठादारच ठरवील, म्हणून या तिन्हींची तरतूद मूळ करारातच व्हायला हवी.