कतारची कोंडी: कुवेतच्या मध्यस्थीने नेमके काय साधले?

प्रश्न
५ जून २०१७ रोजी सौदी अरेबिया, अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. समेट थेट ५ जानेवारी २०२१ रोजी सौदीतील अल-उला येथे झाला. मध्यस्थीचे श्रेय कुवेतला दिले जाते. सौदीसारख्या शेजाऱ्याने ऐकून घ्यावे, असे या छोट्या देशापाशी काय होते? आणि साडेतीन वर्षे का लागली?

प्रतिसाद १
दबावाचे साधन नव्हतेच. होती ती कुवेतचे तेव्हाचे अमीर, म्हणजे राज्यप्रमुख, शेख सबाह यांची ज्येष्ठता. सुमारे चार दशके परराष्ट्रमंत्रिपद सांभाळलेले हे गृहस्थ ८७ व्या वर्षी, ऐन रमजानमध्ये, जेद्दाह, दुबई आणि दोहा असे फिरले. कतारची अल जझीरा वृत्तवाहिनी बंद करा, कतारमधील तुर्कस्तानचा लष्करी तळ हटवा, अशा १३ मागण्यांची यादीही कुवेतमार्फतच कतारला पोहोचली. अर्थात यात परोपकार कमी आणि स्वार्थ अधिक होता. १९९० मध्ये इराकने गिळलेल्या देशाला, आज कतारची कोंडी होते तर उद्या आपलीही होऊ शकते, हे वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय त्या वेळी राजघराण्याला आश्रय सौदीनेच दिल्यामुळे रियाधला दुखावणेही परवडणारे नव्हते.

प्रतिसाद २
विलंबाचे कारण कतारची राजधानी दोहात नोकरी करताना जवळून पाहिले. कतारची जमिनीवरची एकमेव सीमा, सौदीकडची सलवा, बंद झाली आणि दुकानांतील सौदी दुधाची जागा बघता बघता तुर्की दुधाने घेतली. सौदीतील दम्मामला मोटारीने सहज जाणाऱ्यांना कुवेत किंवा मस्कतला विमान बदलावे लागू लागले. त्रास झाला, पण नैसर्गिक वायूच्या पैशावर देश तगला, आणि तगलेल्या पक्षाला नमते घेण्याची घाई नसते.

प्रतिसाद ३
श्रेय जरा जास्तच दिले जाते, असे माझे मत आहे. शेख सबाह सप्टेंबर २०२० मध्ये वारले. समेट झाला तो अमेरिकेत सत्तांतर ठरल्यावर, जेव्हा हे भांडण मिटवणे रियाधच्याच सोयीचे झाले. अल जझीरा चालूच राहिली आणि तुर्कस्तानचा तळही हलला नाही, म्हणजे मागण्या कुवेतने सौम्य केल्या नाहीत, त्या आपोआप विरल्या.

प्रतिसाद १
विरायला वेळ मिळाला, तो कोणामुळे? सप्टेंबर २०१७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ट्रम्प यांच्या शेजारी उभे राहून, लष्करी कारवाई टळली हे महत्त्वाचे, असे शेख सबाह यांनी सांगितले होते. सीमा उघडत असल्याची घोषणाही ४ जानेवारी २०२१ रोजी कुवेतच्याच परराष्ट्रमंत्र्यांनी केली; रियाध आणि दोहा या दोन्ही राजधान्यांना ती दुसऱ्या कोणाच्या तोंडून चालली नसती.