मदत हवी आहे: महानगर क्षेत्राच्या आराखड्यात ग्रामपंचायतीचे म्हणणे कोठे मांडावे?

आमचे गाव इंदूर-देवास रस्त्यावर, शिप्रा नदीच्या अलीकडे आहे. इंदूर, उज्जैन, देवास, धार या भागांचा एकत्रित दीर्घकालीन विकास आराखडा आखण्याचे चालले असल्याने, गावच्या नाल्याचा आणि चरणोईच्या (गायरान) जमिनीचा वापर पुढे काय ठरणार, हे प्रारूप पक्के होण्याआधी आम्हांला जाणून घ्यायचे आहे.

पटवाऱ्याकडून खसरा (जमिनीच्या सर्व्हे क्रमांकाची नोंद) व नकाशा घेतला असून ग्रामसभेचा ठरावही झाला आहे. तो घेऊन गेलो, तेव्हा शहराच्या कार्यालयाने जिल्ह्याकडे आणि जिल्ह्याने पुन्हा शहराकडे पाठवले. हाती लागला तो प्रतीवरचा आवक शिक्का, तोही पुसट. वकील नेमण्याइतका निधी पंचायतीजवळ नाही.

संविधानाच्या अनुच्छेद २४३-झेडईप्रमाणे महानगर नियोजन समितीचे किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे असतात, एवढे वाचले आहे. तरतूद चांगली आहे, पण आमची अडचण प्रत्यक्षातली आहे. मध्य प्रदेशच्या १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश (नगर व ग्राम नियोजन) अधिनियमाखाली प्रारूपावर हरकती घेता येतात. मग प्रादेशिक आराखडा आणि शहराची विकास योजना यांत एकाच खसऱ्याचा वापर वेगवेगळा दाखवला गेला, तर कोणता ग्राह्य धरतात, आणि पंचायतीने हरकत नेमकी कोणाकडे नोंदवावी?