व्हिटॅमिन डी कमी आले, तर गरोदरपणात मधुमेह होणारच का?

राजारामपुरीकर:
नमस्कार. मला बाविसावा आठवडा सुरू आहे. मागच्या रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी 11 आले, म्हणून डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची पुडी लिहून दिली आणि पुढच्या खेपेला ग्लुकोजची चाचणी करू, असे सांगितले. घरी आल्यावर जाऊबाईंनी मोबाइलवर वाचून दाखवले, की डी कमी असलेल्या बायकांना गरोदरपणात मधुमेह होतो. माझ्या आईला मधुमेह आहे, त्यामुळे हा विषय डोक्यातून जात नाही. तिसऱ्या महिन्यात केलेली ग्लुकोजची चाचणी 108, म्हणजे व्यवस्थित होती. सासूबाईंचे म्हणणे असे, की एकदा चाचणी चांगली आली आहे आणि आता पुडीही सुरू आहे, तर ते गोड पाणी पुन्हा कशाला प्यायचे? डी भरून काढल्याने मधुमेह खरोखर टळतो का, आणि चाचणी पुन्हा करणे आवश्यक आहे का, हे कृपया सांगावे.

पंचगंगेकाठ:
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पण तुमचे कागद पाहिलेले नसल्याने औषधाच्या मात्रेबद्दल काही लिहीत नाही.

जाऊबाईंनी वाचले ते खोटे नाही, अर्धे आहे. ज्यांच्या रक्तात डी कमी असते त्यांच्यात गरोदरपणातला मधुमेह जास्त आढळतो, असे अनेक निरीक्षणांतून दिसले आहे, आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींमध्ये या जीवनसत्त्वाचे ग्राहक, म्हणजे ते जिथे जोडले जाऊन काम करते ते रेणू, असल्यामुळे तसा संबंध असणे अशक्यही नाही. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असे होत नाही. डी चरबीत साठून राहते, त्यामुळे वजन जास्त असलेल्या स्त्रीच्या रक्तात ते कमी दिसते, आणि वाढलेले वजन हेच मधुमेहाचेही मोठे कारण आहे. जी बाई दिवसभर घरात बसून असते तिला ऊनही मिळत नाही आणि चालणेही होत नाही. मग दोष कमी डीचा, वजनाचा की बैठ्या दिवसाचा, हे नुसत्या निरीक्षणावरून ठरवता येत नाही.

त्यासाठी एका गटाला डी देऊन आणि दुसऱ्याला न देऊन तुलना करावी लागते. अशा प्रयोगांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2019 मध्ये आढावा घेतला, तेव्हा डी दिल्याने गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका बहुधा कमी होतो, असा निष्कर्ष निघाला होता. 2024 मध्ये मात्र ज्यांच्या विश्वासार्हतेबद्दल शंका होती असे प्रयोग बाजूला काढून पुन्हा तपासणी झाली आणि मधुमेहाबाबतचा पुरावा अत्यंत अनिश्चित ठरला. जागतिक आरोग्य संघटनाही सरसकट सर्व गरोदर स्त्रियांना डी द्या, असे सांगत नाही. तुमची गोष्ट वेगळी आहे. 20 नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता धरण्याची पद्धत आहे आणि तुमचे 11 आहे, तेव्हा ते तुमच्या आणि बाळाच्या हाडांसाठी भरून काढलेच पाहिजे. पुडी घ्या, पण ती मधुमेहावरचा उतारा समजू नका.

आता सासूबाईंचा मुद्दा. तिसऱ्या महिन्यातल्या 108 ने पुढची हमी मिळत नाही. वारेतून स्रवणारी संप्रेरके इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात आणि त्यांचा जोर गरोदरपणाच्या उत्तरार्धात वाढतो, म्हणून 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान चाचणी पुन्हा करायची असते. आईला मधुमेह असताना तर ती टाळण्याचा विचारही करू नये.

आणखी एक. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळीत 250 युनिट डी आधीच असते, म्हणजे दिवसाला दोन गोळ्यांतून 500 युनिट होतात. पुडी, गोळ्या आणि शेजारणीने सुचवलेली एखादी पावडर, हे सगळे डॉक्टरांना एकत्र दाखवा. डी प्रमाणाबाहेर गेले तर रक्तातले कॅल्शियम वाढते.

शिरोळची_लेक:
ताई, माझे डी 31 होते, म्हणजे अगदी चांगले, आणि तरीही सव्विसाव्या आठवड्यात ग्लुकोजनंतरची शुगर 158 आली. त्यामुळे डीवर भरवसा ठेवून चाचणी चुकवू नका, एवढेच मीही सांगेन.

माझी फसगत गुळाने झाली. माहेरी गुऱ्हाळ, त्यामुळे साखर बंद करा म्हटल्यावर घरच्यांनी चहात गूळ सुरू केला आणि आम्हा सर्वांना वाटले, की पथ्य सांभाळले. गुळाचा चहा आणि वाटीभर पोहे खाऊन दोन तासांनी तपासले तर 146. दुसऱ्या दिवशी चहा बिनसाखरेचा, बिनगुळाचा, एक ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि उकडलेले अंडे घेतले, तर 112. मला 120 च्या आत राहायला सांगितले होते. पुढे आहार आणि जेवणानंतरचे चालणे यांवर निभावले, इन्सुलिन लागले नाही. पण लागते त्यांनी ते घ्यावे, त्यात कमीपणा नाही.

ताराबाई_पार्क:
उन्हाविषयी थोडे. आमच्या सूनबाई रोज सकाळी गॅलरीत बसत, पण बंद काचेआड. डी तयार करणारे किरण काचेतून आत येत नाहीत, हे फार उशिरा कळले. स्कुटीवरचा सनकोट, स्कार्फ आणि हातमोजे हीसुद्धा दुसरी काचच म्हणायची. तसेच कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाचा आम्हा कोल्हापूरकरांना कितीही अभिमान असला, तरी त्यात डी नाममात्रच असते. वरून डी मिसळलेल्या दुधाच्या पिशवीवर एफ आणि अधिकचे चिन्ह छापलेले असते, ते पाहून घ्यावे.

राजारामपुरीकर:
सर्वांचे आभार. सनकोटाबद्दल वाचून हसू आले, कारण माझा वेश अगदी तोच असतो. पुढच्या गुरुवारी चाचणीला जाते आहे. उपाशीपोटी जावे लागते का?

पंचगंगेकाठ:
ते पद्धतीवर अवलंबून आहे, म्हणून दवाखान्यात आधी फोन करून विचारा. आपल्याकडच्या सरकारी पद्धतीत जेवण झालेले असो वा नसो, 75 ग्रॅम ग्लुकोज सुमारे 300 मिली पाण्यातून पाच-दहा मिनिटांत प्यायचे असते आणि दोन तासांनी एकदाच रक्त घेतात. 140 किंवा त्याहून अधिक आले तर मधुमेह धरतात. काही ठिकाणी उपाशीपोटी, एक तासाने आणि दोन तासांनी असे तीनदा रक्त घेतात. तिथे 92, 180 आणि 153 या मर्यादा असून एकही आकडा तिथवर पोहोचला तरी निदान होते. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तसे लगेच सांगा. मग ती चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते.