गाशा कुणी बघितलाय का? (म्हणींत आणि वाक्प्रचारांत अडकून राहिलेले शब्द)

रिकामटेकडा_७
मंडळी, बरेच दिवस डोक्यात एक किडा वळवळतोय. अमक्यानं गाशा गुंडाळला असं आपण सर्रास म्हणतो, कंपनी बंद पडली की पेपरात पण हेच छापून येतं. आता गाशा म्हणजे नक्की काय असं दोघातिघांना विचारलं तर एक म्हणाला अंथरूण, दुसरा म्हणाला तंबू, आणि तिसरा म्हणे असेल काहीतरी गुंडाळण्यासारखं, तुला काय करायचंय. तेव्हापासून नादच लागलाय. धाबं दणाणलं म्हणतो तर ते धाबं कुठलं? हायवेवरचं तर नसणार. पासंगाला पुरत नाही, तर पासंग म्हणजे काय? ससेमिरा मागे लागतो तो कोण? म्हणजे वस्तू गेली, शब्द एकटा वापरायचा बंद झाला, पण वाक्प्रचारात मात्र मजेत बसलाय. असे अजून कुठले शब्द आठवतात? आणि वरच्यांचे अर्थ कुणाला माहीत असतील तर प्लीज टाका. व्हॉट्सॅपवर फिरणाऱ्या व्युत्पत्त्या नकोत, त्या सगळ्या एकजात मनाच्या असतात.

जुनीवही
गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं कापड. शब्द मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. मुक्काम हलवायचा तर ते गुंडाळणं आलंच, त्यावरून गाशा गुंडाळणे म्हणजे बाडबिस्तरा आवरून चालू पडणे. घोडे गेले, पागा गेल्या, पण भाषेतला तबेला अजून भरलेला आहे बघा. खोगीरभरती घ्या. खोगिराच्या आत जे काय चिंध्या, गवत वगैरे कोंबतात ती भरती, आणि आता कमिटीत नुसती नावापुरती घेतलेली माणसं म्हणजे खोगीरभरती. ज्यानं जन्मात खोगीर बघितलं नाही तोसुद्धा हा शब्द अगदी बरोब्बर ठिकाणी टाकतो, मला याची फार गंमत वाटते.

माझ्याकडून एक भर. शिक्कामोर्तब. शिक्का सगळ्यांना कळतो, मोर्तब कुणालाच नाही. पूर्वीच्या राजपत्रात वर मुख्य शिक्का असायचा आणि मजकूर संपला की शेवटी एक छोटी मुद्रा, ती मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांत वर ती "प्रतिपच्चंद्रलेखेव" वाली मुद्रा असते आणि अगदी खाली "मर्यादेयं विराजते" असं उमटवलेलं असतं, म्हणजे पत्राची मर्यादा इथे संपली. त्याच्याखाली कुणी परस्पर दोन ओळी घुसडल्या तर लगेच पकडता यायचं. म्हणून शिक्कामोर्तब झालं म्हणजे वरून आणि खालून दोन्हीकडून बंद, आता बदल नाही. आपण तो हल्ली कुणाच्या तिकिटावर हायकमांडचं शिक्कामोर्तब वगैरे बातम्यांत वापरतो आणि तिथे तर शेवटच्या मिनिटापर्यंत बदल चालू असतात हा भाग वेगळा.

अडीचकी_पाठ
औट घटकेचं राज्य!! हा माझा आवडता. बऱ्याच जणांना वाटतं की औट म्हणजे क्रिकेटमधलं आउट, राजा लवकर आउट होतो म्हणून औट घटकेचा. अर्थ योगायोगानं बसतो त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही. पण औट म्हणजे साडेतीन. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घ्यायचे, त्यातच औटकी पण होती, म्हणजे साडेतीनचा पाढा. देहाला साडेतीन हात म्हणतात ना, संतांच्या बोलण्यात तोच औट हात. बरं, घटका म्हणजे २४ मिनिटं, दिवसरात्र मिळून ६० घटका. म्हणजे औट घटका झाली ८४ मिनिटं, दीड तास पण नाही, एवढंच राज्य.

आणि घटका भरली हे पण तिथलंच. बुडाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची, पाणी हळूहळू आत शिरून वाटी भरली आणि बुडाली की एक घटका झाली. त्यामुळे कुणाची घटका भरत आली म्हणतात तेव्हा डोळ्यासमोर ती वाटी आणली की कळतं, काठापर्यंत पाणी आलेलं असतं आणि वाटी वरून मात्र अजून तरंगतच दिसत असते. हा वाक्प्रचार ज्यानं पहिल्यांदा वापरला तो माणूस ग्रेटच.

तिरकसपंत
मी जरा वेगळा सूर लावतो, रागावू नका. दर थोड्या दिवसांनी असा धागा निघतो, सगळे अहाहा करतात आणि शेवटी गाडी मराठी मेली, इंग्रजीनं खाल्ली यावर येते. आता वर बघा, गाशा फारसीमार्गे आलेला, मोर्तब तिकडचाच, पासंग पण फारसी. शिवकाळात राजव्यवहारकोश मुद्दाम करून घेतला तो दरबारातले फारसी शब्द घालवून संस्कृत आणायला, तरी त्यातले कितीतरी फारसी शब्द आपण आजही मराठी म्हणून कवटाळतो. तेव्हा शब्द येणार, जाणार.

दुसरं असं की सगळंच जुनं टिकवायच्या लायकीचं नसतं. बायकांच्या अकलेवरच्या म्हणी, एकेका जातीचं नाव घेऊन केलेल्या म्हणी, त्या लोकांच्या तोंडून गेल्या तर बरंच झालं. कोशात राहू देत अभ्यासाला.

आणि रिकामटेकडा म्हणतो ते अर्धंच खरं आहे. जे शब्द वाक्प्रचारात शिरले ते वाचले, जे नाही शिरले त्यांचं काय? फडताळ घ्या. भिंतीतलं कपाट, साधा रोजचा शब्द होता, कुठल्या म्हणीत जागा मिळाली नाही, आता कपाट आणि वॉर्डरोबनं खाल्ला. वळकटी गेली. दिवस कासराभर वर आला असं म्हणणारी माणसं गेली, कारण बैलाचा कासरा, म्हणजे त्याला धरायची लांब दोरी, ती केवढी असते हेच डोळ्यासमोर येत नाही. तिथे वाक्प्रचार असूनही शब्द वाचला नाही. गाशा का टिकला आणि कासरा का नाही, यावर कुणी बोललं तर ते वाचायला आवडेल.

पै_पैचा_हिशोब
तिरकसपंत, मला वाटतं गाशाचं आता माप घ्यावं लागत नाही आणि कासऱ्याचं घ्यावं लागतं, म्हणून. गाशा म्हणजे काय हे न कळता पण अख्ख्या वाक्प्रचाराचा अर्थ कळतो. कासराभर मध्ये मात्र कासरा केवढा हे माहीत नसेल तर सूर्य किती वर आला ते कळणारच नाही. पै-पै करून जमवले याचं गाशासारखंच. पै म्हणजे रुपयाचा १९२ वा भाग. १२ पै म्हणजे १ आणा, १६ आणे म्हणजे रुपया. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, १०० नवे पैसे झाले आणि हे सगळं हिशोबातून गेलं, तरी आपण सोळा आणे खरं म्हणतोच. कारण किती हे महत्त्वाचं नाही, पै म्हणजे फारच थोडं आणि सोळा आणे म्हणजे पूर्ण, एवढं पुरतं. पिकाच्या अंदाजाला आणेवारी म्हणायचे, कागदावर तिची पैसेवारी झाली पण बोलण्यात आणेवारी अजून ऐकू येते.

पासंगाचं राहिलं. तराजूची दोन पारडी रिकामी असताना सारखी झाली नाहीत तर हलक्या बाजूला छोटासा दगड नाहीतर लोखंडाचा तुकडा बांधून समतोल करतात, तो पासंग. म्हणजे अमका तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही याचा अर्थ बरोबरी सोड, वजन म्हणून पारड्यात बसायचं सोड, त्या तुकड्याइतकी पण तुझी किंमत नाही. एवढा सॉलिड अपमान आपण किती सहज करतो.

जाता जाता, शेरास सव्वाशेर मधला शेर म्हणजे वजनाचा शेर. परवा एका बॅनरवर ही म्हण लिहून खाली वाघाचा फोटो छापलेला बघितला. सव्वा वाघ कसा काढायचा कुणास ठाऊक.

रिकामटेकडा_७
हाहाहा सव्वा वाघ! माप घ्यावं लागतं की नाही हा मुद्दा पटला, या अंगानं विचारच केला नव्हता. जुनीवही, मोर्तबचं तर सेव्ह करून ठेवतोय. धाबं आणि ससेमिरा राहिले पण.

जुनीवही
धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर, धाब्याचं घर म्हणतात ना ते. डोक्यावरचं छप्परच दणाणायला लागलं तर माणूस घाबरणारच.

ससेमिरा म्हणजे कोणी नाही, ती नुसती चार अक्षरं आहेत. विक्रमाच्या गोष्टींमध्ये आहे. एक राजपुत्र वाघाच्या भीतीनं झाडावर चढतो, तिथे अस्वल असतं, ते त्याला आसरा देतं, हा झोपला तरी खाली ढकलत नाही. मग अस्वल झोपल्यावर हा मात्र वाघाच्या सांगण्यावरून त्याला ढकलतो. अस्वल वाचतं आणि याला शाप देतं, त्यानं हा वेडा होऊन सारखं "ससेमिरा ससेमिरा" एवढंच बरळत सुटतो. स, से, मि, रा ही चार श्लोकांची पहिली अक्षरं, ते श्लोक विश्वासघाताच्या पापाबद्दलचे, एकेक श्लोक ऐकवला की एकेक अक्षर सुटत जातं आणि शेवटी बरा होतो.

अजून शोधायचं असेल तर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहेत, शब्द टाकून सर्च करता येतो. फक्त रात्री उघडू नका, एक शब्द बघायला जाता आणि पहाट होते.

तिरकसपंत
हे मात्र सोळा आणे.