क्रँकशाफ्ट ठोकूनच का घडवतात?

प्रश्न: डिझेल ट्रकचा क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या वर-खाली हालचालीचे फिरण्यात रूपांतर करणारा, इंजिनातील वळणावळणाचा दांडा) पोलादी सळईतून कातून काढण्याऐवजी तापवून साच्यात ठोकून का घडवतात?

उत्तर १: सळई लाटताना तिच्यातील स्फटिककण व अशुद्धी लांबीच्या दिशेने ताणल्या जाऊन तंतूंसारखी रचना तयार होते, कातकाम हे तंतू वळणांवर तोडते, तर सुमारे १,२०० अंश सेल्सिअसला फोर्जिंग (म्हणजे तापवून ठोकून घडवणे) केल्यास ते आकाराबरोबर वळतात आणि वारंवार बदलणाऱ्या भाराखाली तडा जाण्याची शक्यता कमी होते. शिवाय दाबाने आतील पोकळ्या मिटतात आणि पुनर्स्फटिकीकरणामुळे, म्हणजे तापलेल्या धातूत जुन्यांच्या जागी नवे कण तयार झाल्याने, कण बारीक होतात.

उत्तर २: मात्र शेवटच्या घावानंतरही धातू फार तापलेला राहिल्यास कण पुन्हा वाढतात.

उत्तर ३: अनेक पेट्रोल मोटारींत गोलाकार ग्रॅफाइट असलेल्या ओतीव लोखंडाचे क्रँकशाफ्ट उत्तम चालतात, माफक भारासाठी घडाईचा खर्च मला तरी अनाठायी वाटतो.